घाडीबाईंची ओली भिंत

घाडीबाई आमच्या मजल्यावर राहायला आल्या त्या दिवशी रावण लिफ्टमध्ये मावेना. दहा तोंडांची ती लांबलचक पाटी आडवी धरली तर दार लागेना, तिरकी धरली तर कडेचे मुकुट चेपायला लागले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, इसको बीच में से काट दो ना." त्यावर पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली, पदर कमरेला खोचलेली एक ठेंगणी बाई त्याच्या अंगावर आली. "तुझं कापू काय? दहा आहेत म्हणून मधलं एखादं गेलं तर चालतं होय रे?" शेवटी तिने रावण डोक्यावर घेतला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढली. मी शाळेतून घरी येत होते, तिच्या मागोमाग चढले. प्रत्येक वळणावर ती थांबायची, भिंतीला तोंड घासू नये म्हणून अंग वळवायची आणि मग पुढची पायरी घ्यायची. वर पोचल्यावर माझ्या हातातल्या वह्यांच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "टीचर वाटतं? मग ओळख ठेवा. गॅदरिंगला लागेन मी."

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत समोरासमोर दारं असलेल्या दोन फ्लॅटांपैकी एक आमचा आणि एक प्रधानांचा. प्रधान स्वतः अंधेरीला मुलाकडे राहायचे आणि हा फ्लॅट अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यायचे. समोरची माणसं बदलत राहायची, त्यामुळे नावं पाठ व्हायच्या आत ती निघून जायची. घाडीबाईंचं नाव मात्र पहिल्याच दिवशी बिल्डिंगभर झालं, ते रावणामुळे.

त्यांचा धंदा ड्रेपरीचा. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीतली नाटकं, सोसायट्यांचे कार्यक्रम यांना लागणारे पोशाख त्या भाड्याने द्यायच्या. वडील मूळचे कणकवलीकडचे, लालबागला गिरणीत विणकर. गिरणीतल्या गाववाल्यांचं दशावताराचं मंडळ होतं आणि त्याच्या पेट्या वडिलांच्या ताब्यात असायच्या. गिरणी बंद पडली, मंडळ पांगलं, पेट्या घरात राहिल्या. मग त्या पेट्यांनीच घर चालवलं. वडिलांमागे चाळीतली खोली भावांनी विकली आणि लग्न न केलेल्या या बहिणीच्या वाट्याला पेट्या आल्या. तेव्हापासून भांडुप, कांजूर, नाहूर असं करत त्या पेट्यांसकट हिंडत होत्या.

पुढच्या खोलीत त्या राहायच्या आणि आतल्या खोलीत पोशाख. पोशाखांना त्या कधी पोशाख म्हणत नसत. "जिजाबाईंचा हूक तुटलाय." "दोन टिळक कल्याणला गेलेत, शनिवारी येतील." "रामाला घाम फार येतो हो, अस्तर बदलायला पायजे." एकदा माझी आई आमच्याकडे राहायला आली होती. घाडीबाई दारात उभ्या राहून फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होत्या, "सावित्रीबाईंना इस्त्री करून ठेव, मी येतेय न्यायला." आई घाबरून आत आली आणि मला म्हणाली, "समोरची बाई बरी आहे ना गं?"

कपडा परत आला की त्या आधी त्याची बगल हुंगायच्या, मग गळा, मग अस्तर. त्यावरून कार्यक्रम उकाड्यात झाला की एसी हॉलमध्ये, मुलाला बटाटेवडा कपडे बदलण्याआधी दिला की नंतर, हे त्या सांगायच्या आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. पोशाख न्यायला येणारी मंडळी हसायची. "हसा," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याच्या अंगाला लागायचं ते आधी माझ्या नाकाखालून जायला पायजे."

तो वास पहिल्यांदा त्यांच्याच नाकाला लागला. पावसाळा निम्मा झाला होता. सकाळी माझी बेल वाजवून त्या म्हणाल्या, "टीचर, जरा या. मला येतोय तो तुम्हाला येतो काय बघा." आतल्या खोलीत गेले तर काहीच दिसत नव्हतं. ओलसर, जुन्या गोणपाटासारखा वास मात्र होता. दोघींनी मिळून लोखंडी कपाट पुढे ओढलं. मागे बाथरूमला लागून असलेली भिंत होती. छतापासून कमरेपर्यंत काळे तीळ उधळावेत तशी ती बुरशीने भरली होती. मध्ये कुठे हिरवट, कुठे पापुद्रे सुटलेले. घाडीबाईंनी बोट लावलं, बोट ओलं झालं. मग त्या भिंतीकडे न बघता घाईघाईने कपाटातले पोशाख बाहेर काढायला लागल्या, आग लागल्यावर माणसं मुलं बाहेर काढतात तशा.

प्रधानांना फोन गेला. प्रधान अतिशय सभ्य माणूस. कधी "नाही" म्हणायचे नाहीत. "बघतो ना," म्हणायचे. "बघतो ना" बरेच झाले तेव्हा एका रविवारी ते स्वतः आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला रुमाल. भिंतीला त्यांनी हात लावला नाही. रुमाल नाकाशी धरून खोलीभर नजर फिरवली आणि मऊ आवाजात म्हणाले, "ताई, राग नका मानू. तुम्ही ओले कपडे घरात वाळवता. खिडक्या बंद. कपाटं भिंतीला चिकटवलेली. हवा कुठून खेळणार? हा घराचा दोष नाही, वापरण्याचा आहे."

त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आता रावणावरून वॉचमनला झाडणारी बाई यांना सोडत नाही, असं मला वाटलं. पण घाडीबाईंनी दोरीवर वाळत घातलेल्या नऊवारींकडे पाहिलं, कबुतरांमुळे बंद करून ठेवलेल्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यातलं अर्धं खरं आहे, साहेब. अर्ध्याचं मी बघते. मग उरलेल्याचं बोलू."

प्रधान खूश होऊन गेले. मी म्हटलं, "अहो, एवढं लगेच कबूल कशाला केलंत?"

"कारण खरं आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारात भांडायला जायचं तर आपल्या घरातला केर आधी काढायचा. नायतर तो केरच दाखवतो माणूस."

आणि त्यांनी केर काढायला घेतला. खिडकीला कबुतरांची जाळी बसवून घेतली, खिडकी उघडी राहायला लागली. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे आली, त्यामुळे खोलीत चालायला वाट उरली नाही आणि त्या तिरक्या होऊन वावरायला लागल्या. बाथरूममध्ये हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला. तोंडाला ओढणी बांधून, हातमोजे घालून भिंत साबणाच्या पाण्याने आणि मग ब्लीचिंगने पुसून काढली. मी कोरडा ब्रश घेऊन मदतीला गेले तर ओरडल्या, "कोरडं घासू नका गो! ती पूड उडून आपल्याच छातीत जाता." पुसलेली फडकी पिशवीत बांधून फेकून दिली. त्यानंतर बरेच दिवस त्या खोकत होत्या.

कपडे वाळवायचा प्रश्न राहिला. गच्चीची किल्ली आमचे सेक्रेटरी साळवी यांच्याकडे. साळवी म्हणाले, "गच्ची फक्त मेंबरांसाठी आहे, बाई. भाडेकरूंना नाही."

"ऊन पण मेंबरांचंच काय?" घाडीबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, माझ्या नावावर किल्ली घेते. "नको," त्या म्हणाल्या. "उद्या कोणी विचारलं तर तुम्हाला खाली बघायला लागेल." साळवी बसायचे त्या सोसायटीच्या ऑफिसबाहेर त्या रोज सकाळी जाऊन बसायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत, बटणं शिवत बसायच्या. शेवटी साळवींनाच लाज वाटली असावी. आठवड्यातून दोन सकाळी किल्ली मिळायला लागली. मग आमच्या गच्चीवर राम, लक्ष्मण आणि जिजाबाई शेजारी शेजारी उन्हात लोंबायच्या.

ऑक्टोबरचं ऊन तापलं. घरातल्या बाकी भिंती खडखडीत झाल्या. पुढच्या खोलीत येणारा वास गेला. ती एक भिंत मात्र तशीच. पुसली की चार दिवस बरी, मग कोपऱ्यातून पुन्हा काळे तीळ. हात लावला तर माठाला लावल्यासारखं गार. घाडीबाईंनी माझ्यासमोर प्रधानांना फोन लावला. "साहेब, माझं करून झालं. पाऊस नाही, कपडे आत नाहीत, खिडकी उघडी आहे. तरी भिंत ओली आहे. म्हणजे पाणी वरून येतंय. आता पाळी तुमची."

तिथून खरी परवड सुरू झाली. प्रधान म्हणाले, "मी सोसायटीला सांगतो." साळवी म्हणाले, "आतल्या पाइपांचं सोसायटी बघत नाही. खालच्या आणि वरच्या मेंबरने आपसात मिटवायचं. आणि बाई, तुम्ही मेंबर नाही, तुमची तक्रार मला घेता येत नाही. ओनरला पाठवा." प्रधान म्हणाले, "मी वरच्या बोरकरांना फोन केलाय ना." वरचे बोरकर म्हणाले, "आमच्या बाथरूममध्ये एक थेंब नाही. या, डोळ्यांनी बघा."

"त्याच्याकडे कसा असेल?" घाडीबाई जिना उतरताना धुसफुसत होत्या. "गळणाऱ्याकडे कोरडंच असतं. ओलं असतं ते खालच्याकडे."

बोरकरांनी वर्षभरापूर्वीच बाथरूमला नव्या टाइल्स बसवल्या होत्या. त्या फोडायला ते का तयार नव्हते, हे मला समजत होतं. साळवींनाही नियम मोडता येत नव्हते. प्रधानांचं वय झालेलं, अंधेरीहून येणं जाणं व्हायचं नाही. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि प्रत्येक कारण ऐकताना पटायचं. फक्त भिंत ओली होती आणि तिच्यासमोर राहणाऱ्या बाईला या सगळ्यात कुठेच बसायला जागा नव्हती.

सोसायटीच्या मीटिंगला घाडीबाई आल्या तर साळवींनी हात जोडले. "बाई, नियम आहे." त्या हॉलच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. आत पार्किंगवरून इतकी बाचाबाची झाली की गळतीचा विषय निघाला तेव्हा लोक चपला शोधत होते. प्रधान आलेच नव्हते. मी उठून दोन वाक्यं बोलले. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमची भिंत आहे काय ती?" साळवींनी विषय पुढच्या मीटिंगवर टाकला. बाहेर आले तर घाडीबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी खुर्चीची घडी केली आणि म्हणाल्या, "वाट लागली म्हणजे. पुढची मीटिंग म्हणजे माझ्या करारानंतर."

पण स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कापडं रंगवायच्या पुड्या त्यांच्याकडे असायच्याच. एका दुपारी बोरकर ऑफिसला गेल्यावर त्या वर गेल्या. मिसेस बोरकर दाराशी आल्या. घाडीबाईंनी काही लपवलं नाही. "हा रंग आहे. तुमच्या बाथरूमच्या जाळीत ओतते आणि वर पाणी सोडते. माझ्या भिंतीवर नाही आला तर तुमची माफी मागते आणि परत ह्या विषयावर तोंड उघडत नाही. आला तर तुम्हीच सांगा काय करायचं."

मिसेस बोरकरांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "ओता. मलाही एकदा कळू दे."

दोन-तीन दिवसांनी घाडीबाईंनी माझी बेल दाबली ती सोडलीच नाही. आतल्या खोलीत त्या काळ्या तिळांच्या मधोमध, छताच्या कडेपासून खाली, गुलाबी ओघळ उतरले होते. सुंदर राणी गुलाबी रंग. घाडीबाई टाळ्या वाजवत होत्या. "झकास! आता बोला म्हणावं!"

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. साळवी आले, बोरकर आले आणि त्या दिवशी कधी नव्हे ते प्रधानही आले. मला वाटलं, सुटला प्रश्न. साळवींनी भिंतीला बोट लावलं, बोट गुलाबी झालं. "हे तर क्लिअर आहे," ते म्हणाले. पण बोरकरांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरात, माझ्या गैरहजेरीत हिने रंग ओतला? हे चालतं का, सेक्रेटरी?" त्यांचं बोलणं साळवींकडे होतं, पण रोख वरच्या मजल्यावर एकट्या बसलेल्या बायकोकडे होता, हे सगळ्यांना कळत होतं. साळवींनी बोट रुमालाला पुसलं. "तसं बघितलं तर रंग भिंतीवर कोणीही लावू शकतो. पुरावा म्हणून नाही ना धरता येत."

आणि प्रधान हळूच म्हणाले, "ताई, भिंत मात्र तुम्ही खराब केलीत. हा रंग काढायचा खर्च डिपॉझिटमधून घ्यावा लागेल."

घाडीबाईंनी एकदम मालवणीत तोंड उघडलं. "अरे मेल्यानू, भिंत कुजली तेव्हा खय होतात?" एवढंच बोलून त्या थांबल्या. खोकल्याची मोठी उबळ आली आणि त्या खाली बसल्या. मी पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत तिघेही निघून गेले होते.

डिसेंबरात आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. पोशाखांचं काम मी घाडीबाईंना दिलं होतं. सगळे पोशाख त्यांनी गच्चीवर ऊन देऊन आणले होते. ग्रीनरूममध्ये मुलींना स्वतः नेसवत होत्या. तिसरीतल्या एका मुलीला जिजाबाईंची नऊवारी आणि मखमलीची चोळी घातली. थोड्या वेळात ती शिंकायला लागली. मग हात खाजवायला लागली. मग श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. घाडीबाईंनी तिला उघड्या खिडकीशी नेलं, चोळी काढली आणि उलटी केली. बाहेरून मखमल झगझगीत होती. आत अस्तराच्या शिवणीत पांढरट बुरा धरला होता. ऊन तिथपर्यंत पोचलंच नव्हतं.

मुलीच्या आईला बोलावलं. तिच्याकडे फवाऱ्याचं औषध होतं, ते दिल्यावर मूल शांत झालं. तोवर घाडीबाई बाकी मुलांचे कपडे उतरवायला लागल्या होत्या. आमच्या मुख्याध्यापिका धावत आल्या. "अहो, काय करताय? पाहुणे येऊन बसलेत. पडदा उघडायचा आहे आता. एकीला झालं म्हणून सगळ्यांचे कशाला काढताय?"

"बाई, सगळे एकाच खोलीतले आहेत," घाडीबाई म्हणाल्या. हात थांबला नव्हता.

"मग कार्यक्रमाचं काय? घालू द्या तासभर. काही होत नाही."

"तुमच्या पोराला घालाल काय?"

मुख्याध्यापिका पाहुण्यांकडे परत गेल्या. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे. त्या दिवशी शिवराज्याभिषेक शाळेच्या गणवेशात झाला. महाराजांच्या डोक्याला शाल गुंडाळली होती आणि जिजाबाई चौथीतल्या दुसऱ्या मुलीने दुपट्टा पांघरून केली. टाळ्या पडल्या, पण पालक आपसात कुजबुजत होते. घाडीबाई विंगेत पोशाखांच्या गाठोड्यावर बसून होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर न बघता म्हटलं, "चाळीस वर्षं हुंगतेय, टीचर. ह्या खेपेला नाक फसलं. रोज त्याच वासात झोपते, कळायचं बंद झालं."

आमच्या शाळेने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. आणखी दोन शाळांचीही कामं गेली, मुलुंडात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मखमलीचे सगळे पोशाख त्यांनी उसवले. अस्तरं फेकून दिली. जे वाचण्यासारखं नव्हतं ते तुकडे करून कचऱ्यात टाकलं, कोणी उचलून वापरू नये म्हणून.

जानेवारीत मी त्यांना कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलीणबाईंकडे नेलं. माझ्या मैत्रिणीची मैत्रीण, तरुण आणि समजूतदार. तिने करार वाचला, भिंतीचे मी काढलेले फोटो पाहिले. "दुरुस्ती मालकाचीच आहे," ती म्हणाली. "वापरातली लहानसहान मोडतोड तुमची, पण गळती, पाइप, भिंत त्यांची. तुम्ही तुमच्या बाजूने सगळं केलंय, लगेच कळवलंय, हे चांगलं आहे. आपण नोटीस पाठवू. भाडं मात्र थांबवू नका, ते त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. फक्त एक अडचण आहे. तुम्ही कायद्याने भाडेकरू नाही, लायसन्सी आहात."

"लायसन्सी?" घाडीबाई म्हणाल्या. "मी काय रिक्षा चालवते?"

वकिलीणबाई हसली, मग गंभीर झाली. "म्हणजे मुदत संपली की तुम्हाला घर सोडायला लागेल. मुदत एप्रिलची आहे. तोवर ह्यातलं काही उभंही राहणार नाही."

"म्हणजे हक्क आहे, पण तो माझ्या जाण्यानंतर येणार."

"साधारण तसंच," ती म्हणाली. तिला ते म्हणताना वाईट वाटत होतं.

नोटीस गेली. प्रधानांचा फोन आला, तितकाच मऊ. "ताई, कोर्टकचेरी कशाला? तुमचंही वय, माझंही वय. असं करू, एप्रिलनंतर करार वाढवायला नको. तुम्हालाही चांगली कोरडी जागा मिळेल."

एप्रिलमध्ये घाडीबाईंची बांधाबांध चालू असतानाच प्रधानांनी रंगारी पाठवला. त्याने बुरशी खरवडली, पुट्टी भरली आणि वर क्रीम रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळपर्यंत ती भिंत घरातली सर्वांत देखणी भिंत झाली. दुसऱ्या दिवशी प्रधान आणि एजंट एका तरुण जोडप्याला घर दाखवायला घेऊन आले. मी घाडीबाईंना भांडी बांधायला मदत करत होते. मुलगी प्रत्येक खोलीत जाऊन "अरे वा" म्हणत होती. आतल्या खोलीत आल्यावर ती म्हणाली, "रंग पण नवीन आहे!"

घाडीबाई उठल्या. "रंग कालचा आहे. खाली बुरशी आहे. वरच्या बाथरूममधून पाणी येतं."

एजंट हसला. प्रधान म्हणाले, "ताईंचा जरा गैरसमज झालाय. आता सगळं करून घेतलंय."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा एजंटकडे बघत होता. स्टेशन चालत जाण्याजोगं होतं, भाडं त्यांना परवडत होतं आणि ते सकाळपासून बरीच घरं बघून दमले होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "आम्ही खिडक्या उघड्या ठेवू," तो म्हणाला.

घाडीबाई त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं. पण त्या मुलीजवळ गेल्या आणि आपल्या भाचीला सांगावं तसं म्हणाल्या, "घ्या. घर वाईट नाही गो. पण सही करायच्या आधी ह्या भिंतीचा आज फोटो काढ, तारखेसकट. गळती निघाली तर किती दिवसांत कोण करणार ते करारात लिहून घे. तोंडी 'बघतो ना' वर राहू नकोस. कपाट ह्या भिंतीला लावू नकोस आणि पावसात कपडे ह्या खोलीत वाळत घालू नकोस, म्हणजे तुझ्यावर बोट दाखवायला कोणाला जागा राहणार नाही."

मुलीने मान हलवली. फोन हातात होता, पण सगळ्यांसमोर फोटो काढायचा तिला संकोच वाटला. प्रधानांच्या मऊ चेहऱ्याकडे एकदा बघून तिने फोन पर्समध्ये टाकला.

घाडीबाई गेल्यावर मी त्यांना फोन करायचे. घाटकोपरला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जागा मिळाली होती. बोलणं तुटक व्हायचं, खोकला मध्ये यायचा. मग फोनही विरळ झाले. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा ऑगस्टपासून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत फोनवर प्रधानांशी बोलताना मला ऐकू यायला लागला होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, घाटकोपर स्टेशनबाहेर मेट्रोच्या जिन्यापाशी. गर्दीत आधी मला मोरपिसं दिसली. वासुदेवाच्या चार-पाच टोप्या एकात एक घालून, त्या छातीशी धरून घाडीबाई येत होत्या. वाळल्या होत्या. अंबाडा मात्र तसाच घट्ट होता. मला बघून थांबल्या, "टीचर, तुम्ही इकडे कुठे?" म्हणाल्या. नवीन शाळा मिळालीय, लहान आहे, पण बाई चांगल्या आहेत, असं सांगितलं. मी विचारलं, "आणि जागा? भिंती कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. मग टोप्या दुसऱ्या हातावर घेतल्या. "पण भिंत दोन पावसाळे बघितल्याशिवाय कळत नाही, टीचर. आणि अकरा महिन्यांत दोन पावसाळे बसत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. मागून लोक ढकलत होते, कोणीतरी "बाजू व्हा ना बाई" म्हणून ओरडलं. त्यांनी मला मानेनेच "येते" म्हटलं आणि रस्ता ओलांडायला लागल्या. बराच वेळ त्या मला दिसत नव्हत्या. माणसांच्या डोक्यांमधून फक्त मोरपिसं जात होती. मग बस आडवी आली.